शिक्षकी पेशात जायचं तर पगाराची अपेक्षा किती धरावी?

गणितवाली

नमस्कार मंडळी. इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

बी.एस्सी. गणित, शेवटचं वर्ष. गाव तासगावजवळ, घरची द्राक्षबाग आहे. बी.एड.ची सीईटी द्यायचं मनात आहे. शिकवायला मनापासून आवडतं, वाड्यातल्या सगळ्या दहावीवाल्यांचं गणित माझ्याच गळ्यात असतं. पण बाबांनी एकच विचारलं, "मास्तरकीत हातात किती येतात?" आणि मला सांगता येईना. कुठे ३८,६०० वाचायला मिळतं, कुठे १८,०००. कॉलेजातली एक सीनियर तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला ९,००० वर शिकवतेय. यातलं खरं कुठलं? दुसरा पर्याय एमसीएचा आहे, त्यासाठी कर्ज काढावं लागेल. जे या क्षेत्रात आहेत त्यांनी आकड्यांत सांगा, प्लीज. "आवड असेल तर पैशाकडे बघू नये" हे मामांकडून ऐकून झालंय.

चहाटळ

हातात किती येतात? दोन. एक पांढरा खडू, एक रंगीत.

झेडपीचा_मास्तर

ताई, तिन्ही आकडे खरे आहेत. नीट सांगतो.

अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलीस की पहिली तीन वर्षं तू 'शिक्षण सेवक'. पगार नाही, मानधन. २००० साली योजना आली तेव्हा प्राथमिकला ३,००० होते, पुढे ६,००० झाले. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० आहेत. यावर महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, काही नाही. तुझे १८,००० हे.

तीन वर्षं पूर्ण झाली की वेतनश्रेणी. सातव्या आयोगात प्राथमिकला मूळ वेतन २९,२०० पासून, बी.एड. माध्यमिकला ३८,६०० पासून. हे नुसतं मूळ. डीए ५५ टक्के धरला आणि खेड्यातलं १० टक्के घरभाडं धरलं तर ३८,६०० चे ६३,६९० होतात. त्यातून एनपीएसचे, म्हणजे नव्या पेन्शनचे, १० टक्के (मूळ अधिक डीएवर), व्यवसाय कर २००, शिवाय किरकोळ कपाती. हातात ५७ हजाराच्या आसपास समज.

मी २०१७ च्या टेटमधून (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी) लागलो तेव्हा सेवकाला ६,००० होते. घर सातारा जिल्ह्यात, शाळा नंदुरबारला, धडगावच्या वरच्या पाड्यावर. मानधन पाच-पाच महिने यायचं नाही. किराणा दुकानदार चांगला होता म्हणून निभावलं. नोकरी लागली म्हणून पेढे वाटले आणि त्यानंतर दर महिन्याला वडिलांकडूनच पैसे मागवत होतो.

खडूफळा

वरचा प्रतिसाद वाचून कोणाला वाटेल की तीन वर्षं काढली की झालं. ते अनुदानित पदावर लागलेल्यांचं. आमच्यासारख्यांचं पण ऐका.

माझी शाळा मूळची 'कायम विनाअनुदानित'. म्हणजे सरकारने मान्यता देतानाच सांगितलेलं, पगाराचं आमच्याकडे मागायचं नाही. २००९ मध्ये तो 'कायम' शब्द काढला. मग मूल्यांकन, मग शाळा पात्र घोषित होणं, मग २० टक्के अनुदान, मग ४०, मग ६०. प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदान. माझा मुलगा बोलायला लागला तेव्हा पहिल्या दहा-वीस शब्दांत 'टप्पा' होता.

त्या सगळ्या काळात घर कसं चालवलं? पहाटे गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅट काढायचो, अकराला शाळा. सकाळी जो पालक "सर, आज फॅट कमी लावली" म्हणून भांडायचा तोच दुपारी "सर, पोराला मार्क कमी लावले" म्हणून यायचा. मशीनवर मी फॅट वाढवू शकत नव्हतो, मार्कांचं बघू म्हणायचो.

२० टक्के सुरू झालं तेव्हाही लगेच पैसे नाहीत. वैयक्तिक मान्यता, मग शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला नंबर), मग वेतन पथक. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपोआप जात नाही एवढंच लिहितो. आज ६० वर आहे. शेजारच्या अनुदानित शाळेत माझ्याच वयाचा, माझ्याच विषयाचा शिक्षक माझ्या दीडपटीहून जास्त घेतो. दोघांची मुलं एकाच बोर्डाची परीक्षा देतात.

तेव्हा गणितवाली, कुठल्याही शाळेत जाण्याआधी एकच विचारायचं : हे पद किती टक्क्यांवर आहे? शाळेच्या नावावर, इमारतीवर, निकालावर जाऊ नकोस. एकाच शाळेत एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असते.

स्पष्टवक्ता

मी कोणाला दुखवायला लिहीत नाही, पण साठ-सत्तर हजार पगार, दिवाळीच्या सुट्ट्या, मे महिना मोकळा, आणि स्वतःची मुलं इंग्लिश मीडियमला. आमच्या गावच्या झेडपी शाळेचा पट वीसवर आलाय. खासगीतले बिचारे ९,००० वर जास्त राबतात. पगाराचा आणि कामाचा काही संबंध आहे का?

अनुमोदक

+१

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. सरका जरा.

झेडपीचा_मास्तर

स्पष्टवक्ता, पट का घसरला त्यावर वेगळा धागा काढा, तिथे शिव्या खायलाही येतो. कामाचं म्हणाल तर माझ्या शाळेत चार वर्ग आणि आम्ही दोघं. एक जण बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार फिरत असेल तेव्हा चारही वर्ग एकाकडे. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २७ मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम मान्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तांदूळ मोजा, किती ताटं झाली ते ॲपवर भरा, रेंज नाही म्हणून टेकडीवर चढा, मग एकाच माहितीचे तीन नमुने तीन ऑफिसांना पाठवा. हे कुठल्या कलमात बसतं ते मलाही कळवा.

आणि आता नवीन. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास व्हायची. आमच्या केंद्रातले पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे गुरुजी बालमानसशास्त्राचं गाइड वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात, पोरांना दिसायला नको म्हणून.

वैदेही_पुणे

शहरातलं खासगी मी सांगते. इथे 'स्केल' नावाचं काही नसतं, तुम्ही काय ठरवून घेता ते.

राज्य मंडळाची छोटी इंग्लिश शाळा : ९ ते १५ हजार. तुझी सीनियर इथे बसते. बऱ्यापैकी सीबीएसई शाळा, बी.एड. आणि थोडा अनुभव : २५ ते ४०. आयबी-केंब्रिजवाल्या शाळा : ६० च्या पुढे, गणित-विज्ञानाला लाखाच्याही वर. माझा अनुभव पुण्यातला आणि ओळखीतल्या शाळांचा, सगळीकडे असंच असेल असं नाही.

पण आकडा सांगताना शाळावाले काही गोष्टी बोलत नाहीत, त्या विचारून घ्यायच्या. करार अकरा महिन्यांचा आहे का, म्हणजे मे महिन्याचा पगार गेला. स्वतःच्या मुलाला फी माफ आहे का. माझ्या बाबतीत ती सवलत पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होती, तेवढ्यासाठी मी तिथे टिकले. पीएफ कापतात का. बसमध्ये मुलांबरोबर ड्युटी आहे का, असेल तर दिवस सकाळी सव्वासहाला सुरू होतो.

आधीच्या एका शाळेत (नाव नको) खात्यात पूर्ण पगार जमा व्हायचा. सहा-सात तारखेला ऑफिसातल्या मॅडम एकेकीला आत बोलवायच्या आणि ठरलेली रक्कम रोख परत घ्यायच्या. त्यांच्याकडे एक निळी डायरी होती, नावापुढे टिक करायच्या. पावती अर्थातच नाही. एकीने गूगल पे करू का विचारलं तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

चहाटळ

पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच. सगळं डायरीत आहे. :हाहा:

वकीलसाहेब

वैदेहीताईंनी लिहिलंय ते सर्रास चालतं आणि सरळ बेकायदा आहे. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा, ज्याला आपण एमईपीएस म्हणतो, तो मान्यताप्राप्त खासगी शाळेला लागू होतो, मग अनुदान असो वा नसो. कामावरून काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, पण त्यासाठी नेमणूकपत्र हवं. नव्वद टक्के लोक माझ्याकडे येतात तेव्हा हातात काहीच नसतं, फक्त गॅदरिंगचे फोटो.

दुसरं, ग्रॅच्युइटी. खासगी शाळेच्या शिक्षकालाही मिळते. २००९ च्या दुरुस्तीने ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. पाच वर्षं सेवा झाली असेल तर मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

खडूफळा

वकीलसाहेब, कायदा पाठ आहे. अपील करणाऱ्याला पंचक्रोशीतली दुसरी संस्था दारात उभं करत नाही, त्याचं काय करायचं?

वकीलसाहेब

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंय.

तासिका_तत्त्व

शाळेचं झालं, आता कॉलेजचं. गणितवाली, कोणीतरी तुला सांगेलच की "एम.एस्सी. कर, नेट काढ, प्राध्यापक हो, ५७,७०० मूळ वेतन." आकडा बरोबर आहे. जागा कुठे आहे?

मी नेट आणि पीएच.डी., दोन्ही. तासिका तत्त्वावर शिकवतो. तासाला पैसे, तेही घेतलेल्या तासाला. युवा महोत्सव असला, निवडणूक असली, परीक्षा सुरू झाली की मीटर बंद. युजीसीने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकाला तासाला १,५००, महिन्याला कमाल ५०,००० असं सुचवलं होतं. माझ्या हातात वर्षाची सरासरी काढली तर त्याच्या निम्मेही पडत नाहीत. बिलं मार्चनंतर एकदम निघतात. तोवर बायकोचा पगार. ती तलाठी आहे, त्यामुळे घरात एक जण सरकारी आहे असं सासरे अभिमानाने सांगतात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

लातूरकर

क्लासेसचं कोणीच कसं बोलेना? आमच्याकडे अकरावी-बारावी, नीट-जेईईचं शिकवणारा ज्याचं नाव झालंय तो महिन्याला लाखांत घेतो. फिजिक्स-केमिस्ट्रीवाले जास्त, गणितही चांगलं. पण हे फ्लेक्सवर फोटो असलेल्यांचं. नवीन पोरगा 'डाउट काउंटर'ला बसतो, २०-२५ हजार, सकाळी आठ ते रात्री नऊ, रविवारी टेस्ट. सहा महिन्यांनी पोरांकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतात, त्यात घसरला की बाय बाय. वरच्या लोकांना शेजारचा क्लास दुप्पट देऊन उचलतो, अगदी बॅच मध्यावर असताना. क्रिकेटचा लिलाव परवडला.

अनुमोदक

शाळेत लागून संध्याकाळी क्लास घेता येतात ना? आमच्या इथे सगळे घेतात.

वकीलसाहेब

आरटीई कलम २८. शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे.

चहाटळ

म्हणून तर बोर्ड बायकोच्या नावाने असतो. :दिवा:

डर्बीकर

थोडं अवांतर. मी इंग्लंडमध्ये माध्यमिकला गणित शिकवते. २०२३ पासून भारतात शिक्षक प्रशिक्षण घेतलेल्यांना इथल्या पात्रतेसाठी थेट अर्ज करता येतो, गणित, विज्ञान आणि भाषांना. पदवी, प्रशिक्षण, शिकवण्याचा अनुभव, इंग्रजी, सगळं लागतं. लंडनबाहेर सुरुवातीचा पगार २०२४-२५ ला वर्षाला ३१,६५० पौंड होता. रुपयांत गुणाकार करून हुरळून जाऊ नका, घरभाडं आणि कर गेल्यावर सुखवस्तू वगैरे काही नाही. आणि इथली नववीतली मुलं... असो. तासगावची बरी.

स्पष्टवक्ता

धागा इंग्लंडला पोचला. मुलीने विचारलं काय होतं?

निवृत्त_गुरुजी

स्पष्टवक्ता यांच्याशी पहिल्यांदाच सहमत. मीही थोडं विषयाला धरून लिहितो.

पगाराइतकाच पेन्शनचा प्रश्न विचारावा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांचं अंशदान कापलं जातं. मी त्याआधीचा. आज घरी पेपर वाचत बसतो आणि माझी पेन्शन आमच्या शाळेत नुकत्याच लागलेल्या दोन शिक्षण सेवकांच्या एकत्रित मानधनाएवढी येते. ते पोर भेटलं की पाया पडतं, मला संकोच होतो. चहाचे पैसे मीच देतो.

पदोन्नतीची आशा फार धरू नये. बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, तीही सगळ्यांना नाही. बाकी वर्षाला एक वेतनवाढ. मात्र घरासाठी बँक कर्ज देते, पोरीला स्थळं बरी येतात. हे लिहिलेलं काहींना आवडणार नाही, पण गावात पगाराचा हिशोब असाच होतो.

वैदेही_पुणे

आवडलं नाही. :) पण खरं आहे.

झेडपीचा_मास्तर

गणितवाली, तुझ्यासाठी वर्षांचा हिशोब मांडतो, कारण महिन्याच्या आकड्यापेक्षा तो महत्त्वाचा आहे.

समज २०२६ ला पदवी. बी.एड. दोन वर्षांचं, म्हणजे २०२८. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा पेपर दोन, नववी-दहावीसाठी टीईटी नको, पण अभियोग्यता चाचणी म्हणजे टेट दोन्हीकडे हवी. २०० प्रश्न, दोन तास. प्रश्न सोपे असतात, वेळ पुरत नाही. आता गंमत बघ. ही टेट आजवर २०१७, २०२३ आणि २०२५ ला झाली. मधली पाचेक वर्षं पोरं अभ्यासिकेत बसून म्हातारी झाली. त्यानंतर पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ), पसंतीक्रम, याद्या, कोर्टकचेरी. सगळं सुरळीत गेलं असं धरलं तरी २०२९-३० ला सेवक, २०३२-३३ ला पूर्ण पगार. तोवर तू सत्तावीस-अठ्ठावीसची.

मधल्या काळात रिकामी बसू नकोस. बी.एड. चालू असतानाच सीटीईटी, म्हणजे केंद्राची टीईटी, दे. केंद्रीय विद्यालय, नवोदय यांच्यात टीजीटी (प्रशिक्षित पदवीधर शिक्षक) गणिताला मूळ वेतन ४४,९०० आणि तिथे सेवकाची भानगड नाही, पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार. बदली देशात कुठेही होईल ही तयारी ठेवायची. नवोदयला राहणं-खाणं आवारातच, पण चोवीस तासांची नोकरी.

पवित्रवर 'मुलाखतीसह' आणि 'मुलाखतीशिवाय' असे दोन प्रकार येतात. मुलाखतीसह म्हणजे खासगी संस्था. तिथे मुलाखतीत काय विचारतात ते खडूफळा सांगतील.

खडूफळा

"शेती किती आहे?"

कोडवाला

एमसीएच्या बाजूने कोणीच नाही म्हणून लिहितो. मी एमसीए, पहिला पगार कापून २३ हजार, पुण्यात तिघांत एक खोली. पाचेक वर्षांत चांगला वाढला, मास्तरांच्या पुढे गेला. पण गेल्या वर्षी आमची अर्धी टीम एका शुक्रवारी घरी गेली. मी उरलो, का उरलो मला माहीत नाही. तुझी कर्ज काढायची तयारी असेल तर कॉलेज कुठलं मिळतंय ते बघून ठरव, कुठल्याही कॉलेजातून एमसीए करण्यात अर्थ नाही.

गणितवाली

सगळ्यांचे खूप आभार. इतकं कोणी समजावलं नव्हतं.

काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी औषधांच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर आकडे उतरवून घेतले. म्हणाले, बाग तरी कुठे दर वर्षी पैसे देते, अवकाळी आला की तीही टप्प्यावरच असते. खडूफळा सरांचा प्रतिसाद मात्र दोनदा वाचायला लावला आणि सांगितलं, संस्थेला एक रुपया देणार नाही, त्याशिवाय लागत असेल तर जा.

ठरवलंय असं : सीईटीचा फॉर्म भरते, बी.एड. करता करता सीटीईटी, आणि एम.एस्सी. बाहेरून. २०३० पर्यंत अनुदानित किंवा केंद्रीय शाळेच्या जागेवर नाही लागले तर क्लासेस किंवा दुसरं काही. बाबांचा एक प्रश्न राहिलाय : मानधन दर महिन्याला वेळेवर येतं का?

झेडपीचा_मास्तर

आता पूर्वीइतकं वाईट नाही. पण पहिलं मानधन आयडी तयार होईपर्यंत अडकतं, तीन-चार महिने धर. रुजू होताना तेवढ्या खोलीभाड्याची आणि किराण्याची सोय करूनच जा. फेब्रुवारी-मार्चचं निधी आला की.

तासिका_तत्त्व

एम.एस्सी. बाहेरून करतेस ते ठीक, पण विद्यापीठाला युजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या अभ्यासक्रमाची, त्या वर्षाची मान्यता आहे का ते प्रवेशाआधी बघ. कागदपत्र पडताळणीत याच्यावर लोक बाहेर जाताना पाहिलेत.

नवी_सदस्या

मध्येच विचारते, माफ करा. माझी बहीण बारावी झाली आहे, तिला लहान मुलांनाच शिकवायचंय. तिनेही बी.एड.च करावं ना? म्हणजे पहिलीपासून दहावीपर्यंत सगळीकडे चालेल.

झेडपीचा_मास्तर

नाही. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, ऑगस्ट २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. तिने डी.एल.एड. करावं, म्हणजे आपलं जुनं डी.एड. दोनच वर्षांचं आहे आणि बारावीवर होतं. फी बघून शक्यतो सरकारी डायटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) प्रवेश घ्या, खासगी बरीच बंद पडली आहेत, जी सुरू आहेत त्यांच्यात हजेरी न लावता पास करून देऊ म्हणणारेही भेटतील. जिल्हा सांगा, तिथलं कुठलं चांगलं ते विचारून कळवतो.

नवी_सदस्या

परभणी.